आमचा आंबा आणि माझी करवत

आमच्या पुण्यातल्या घरासमोरचा आंबा वडिलांनी १९६२ साली लावला. ‘पानशेत फुटलं त्याच्या पुढच्या वर्षी’ असे आई सांगत असे. आमच्या घरात सालांचा हिशोब अजूनही असाच चालतो. झाड रायवळ. फळ आंबूस, पण लोणच्याला असे की, आळीतल्या निम्म्या बरण्या त्याच्यावर भरत. २०२१ च्या जुलैमध्ये एका रात्री या झाडाची मांडीएवढी जाड फांदी कोसळली. वारा नव्हता, वादळ नव्हते, नुसती झड लागलेली होती. सकाळी दार उघडून पाहतो तो नातीच्या झोक्याच्या जागीच ती आडवी पडलेली, आणि झोक्याची फळी मधोमध दुभंगलेली.

त्या दिवसापासून घरात दोन तट पडले. सूनबाईंचे म्हणणे, झाड काढून टाकावे. पोरीच्या जिवापुढे आंबा मोठा नाही. तिचे काय चुकले? आमच्या सौ.चे म्हणणे, मामंजींच्या हातचे झाड आहे, माझ्या देखत कुऱ्हाड लागता कामा नये. मी नेहमीप्रमाणे मधे. अखेर कुणीतरी सुचवले की, दोरावरून झाडावर चढून शास्त्रशुद्ध छाटणी करणारी माणसे हल्ली मिळतात, आधी त्यांना तरी दाखवा. आंबे उतरल्यावर, २०२२ च्या जूनच्या आरंभी, तिशीतला एक तरुण आणि त्याचा साथीदार आले.

झाडावर चढणारा माणूस म्हटले की, माझ्या डोळ्यांपुढे येतो तो वेंगुर्ल्याच्या आजोळचा पाडेली. पायांत काथ्याच्या दोरीचा फास, कमरेच्या आकडीत कोयता, आणि अंगावर लंगोटीखेरीज काही नाही. बघता बघता तो माडाच्या शेंड्याला पोचे. त्याचा सारा भरवसा हातापायांवर. हात सुटला तर धरायला काही नाही. केरळात नारळ विकास मंडळाने २०११ पासून तरुणांना यंत्राच्या साहाय्याने माडावर चढण्याचे शिक्षण द्यायला सुरुवात केली ती उगाच नव्हे. चढणारे हात कमी होत चालले होते, आणि आपला मुलगा या धंद्यात पडावा असे कुठल्याच पाडेल्याला वाटत नव्हते.

हा तरुण मात्र तासभर झाडावर चढलाच नाही. बुंध्याभोवती फिरला. मुळांशी अळंबी उगवली आहे का ते वाकून पाहिले. लाकडी हातोडीने खोडावर टकटक करीत, कान लावून ऐकत राहिला. आपण कलिंगड पारखतो तसे. एके ठिकाणी आवाज बद्द आला. तिथून त्याने वर नजर टाकली आणि विचारले,

‘‘काका, हे कापलं कोणी?’’

‘‘होता एक ठेकेदार. २००३ साली.’’ मी म्हणालो.

हे अर्धसत्य होते. करवत ठेकेदाराच्या माणसाची, पण खाली उभे राहून ‘अजून आत घे, बुंध्याला चिकटून काप, खुंट दिसता कामा नये’ असे ओरडणारा मीच होतो. पानांचा कचरा गच्चीवर पडतो म्हणून शेजाऱ्यांची कुरकुर चालली होती, आणि एकदाचे सफाचट झाले की वीस वर्षे बघायला नको असा माझा हिशोब. शेंडाही त्याच वेळी उडवला होता. कापलेल्या जागांवर डांबर फासून घेतले आणि कर्तव्य केल्याच्या समाधानात मी चहा पाजला.

त्या तरुणाने मला जे समजावले ते आधी समजले असते तर बरे झाले असते. फांदी खोडातून निघते तिथे एक फुगीर वळी असते. नीट पाहिले तर कुठल्याही आंब्यावर, गुलमोहरावर दिसेल. इथे खोडाचे आणि फांदीचे लाकूड दरवर्षी एकमेकांवर थर चढवीत जाते, विणल्यासारखे. वळीच्या बाहेर कापले तर जखम फांदीची. वळीसकट कापले तर जखम खोडाची. मी ‘चिकटून काप’ म्हणालो तेव्हा मी फांदी नव्हे, खोड कापायला सांगत होतो.

आणि झाडाची जखम आपल्यासारखी भरून येत नाही. आपल्या बोटाला कापले तर जुनी कातडी जाऊन नवी येते. झाडाला कुजलेले लाकूड पुन्हा जिवंत करता येत नाही. ते त्या भागाला भिंती घालून कोंडून टाकते आणि बाहेरून नवे लाकूड चढवीत राहते. अमेरिकेच्या वनखात्यातील शास्त्रज्ञ अ‍ॅलेक्स शायगो यांनी हजारो झाडे साखळी-करवतीने उभी चिरून कूज कुठून कुठवर जाते ते पाहिले आणि १९७७ साली या भिंतींचा सिद्धान्त मांडला. चार भिंती. वर-खाली जाणारी कूज अडवणारी भिंत सर्वांत दुबळी, म्हणून कूज खोडातून उभी पसरते. जखमेनंतर सालीखालच्या वाढीच्या थरातून जी नवी भिंत उभी राहते ती सर्वांत बळकट; म्हणून आतून पोकळ झालेले झाडही वर्षानुवर्षे हिरवेगार उभे असते. आमच्या आंब्याची ढोली ही अशीच. माझ्या डांबराने तिला कणभरही अडवले नव्हते. डांबराखाली ओल मात्र टिकली. कोकणातले बागायतदार कापावर बोर्डो पेस्ट लावतात, ती बुरशीनाशक म्हणून. तिची तुलना माझ्या डांबराशी करून मी स्वतःला सोडवू पाहात होतो, पण तो तरुण नुसता हसला.

माडाचे तर याहून अवघड. आजोळच्या माडांवर चढण्यासाठी खाचा पाडलेल्या होत्या. माड हे गवताच्या कुळाकडचे झाड. त्याला सालीखाली वाढीचा तो थरच नसतो. म्हणून आजोबांच्या वेळची खाच आज पणतवंडांनाही तशीच दिसते.

पडलेली फांदी कुठली, याचेही उत्तर मिळाले. शेंडा उडवल्यावर पुढच्याच पावसात तिथून दहा-बारा फुटवे सरळ वर आले होते. ‘बघा, कसा जोमाने फुटला!’ असे मी पाहुण्यांना सांगत असे. वास्तविक तो जोम नव्हता, उपासमार होती. पाने गेली म्हणजे स्वयंपाकघरच गेले. म्हणून झाड साठवण मोडून घाईने पाने काढते. असे फुटवे खोडाच्या गाभ्यातून येत नाहीत, वरच्या थराला नुसते चिकटलेले असतात. अठरा वर्षांत त्यातला एक मांडीएवढा झाला, खालचे लाकूड कुजले, आणि पावसाने पाने जड झाली तशी फांदी सुटली.

आता चढण्याचे. साथीदाराने मूठभर वजनाची एक लांबट पिशवी बारीक दोरीला बांधून दोन पायांमधून झुलवली आणि वर भिरकावली. दोनदा चुकली, तिसऱ्यांदा हव्या त्या बेचक्यातून पलीकडे उतरली. बारीक दोरीमागून जाड दोर वर गेला. मग दोघेही त्याला लोंबकळले. बेचके तुटायचे असेल तर माणूस वर जाण्याआधी तुटावे. साल घासू नये म्हणून दोराखाली एक पट्टाही सरकवला होता. कमरेला आणि मांड्यांना पट्टे, डोक्यावर हेल्मेट, आणि दोराला एक गाठ अशी की, भार पडला की आवळते, हाताने दाबली की सरकते. कार्ल प्रुसिक या ऑस्ट्रियन गिर्यारोहकाने १९३१ मध्ये अशी गाठ प्रसिद्ध केली. झाडांवरची माणसे तिचीच भावंडे वापरतात. गाठ वर सरकवायची, तिच्यावर बसायचे, पुन्हा सरकवायची. पाडेल्याच्या मानाने फारच सावकाश. मला तर आधी कंटाळाच आला.

विजेच्या खांबावर चढणाऱ्यांसारखे लोखंडी काटे पायाला लावले तर लवकर नाही का होणार, असे मी विचारले.

‘‘ते झाड पाडायचं असेल तेव्हा, काका. जगवायच्या झाडाला कशाला भोकं पाडायची?’’

मी गप्प बसलो. त्याचे काटे नाहीत तरी अडथळे होतेच. आधी बराच वेळ त्याने वर कुठे पोळे आहे का, घरटे आहे का, ते न्याहाळले. कोकणात असता तर हुमल्यांनी त्याला आंब्यावर टिकू दिले नसते. इथे डोंगळ्यांवर भागले.

करवत हातात घेण्याआधी त्याने बुंध्याभोवती दुसरा पट्टा टाकून स्वतःला आणखी एकदा बांधून घेतले. करवत चुकून एका दोराला लागली तर दुसरा असावा. मग फांदी तीन कापांत उतरली. पहिला काप खालून, खोडापासून हातभर अंतरावर, थोडासाच. दुसरा वरून, त्याच्या किंचित पुढे. फांदी तिथे तुटते, पण साल खोडापर्यंत सोलत जात नाही. उरलेला खुंट तिसऱ्या कापाने, वळीच्या बाहेरून. जड तुकडे त्याने आधी दोराने बांधले. खाली साथीदाराने त्या दोराचे बुंध्याला वेढे घातले होते, नि वेढ्यांच्या घर्षणावर तो मणभर लाकूड एका हाताने हळूहळू सोडत होता. तुळशीवृंदावनाच्या कौलाला धक्का लागला नाही. सौ. खिडकीतून हे बघत होत्या.

एका फांदीवर बांडगूळ होते. फुलटोच्या त्याची चिकट बी फांदीवर घासून जातो आणि ते तिथेच रुजते. मी दरवर्षी काठीने त्याची पाने झोडपून काढत असे. दोन महिन्यांत पुन्हा हिरवे. त्याची मुळे फांदीच्या लाकडात असतात, तेव्हा फांदीच चिकटल्या जागेच्या बरीच खाली कापावी लागते.

माझा आग्रह होता की, घराकडची सगळी बाजू मोकळी करावी. त्याने साफ नकार दिला. एका वेळी पाव हिश्शाहून जास्त पाने घ्यायची नाहीत, म्हाताऱ्या झाडाची त्याहून कमी. आणि एकच बाजू बोडकी केली तर तोल दुसरीकडे जातो. (आपल्या रस्त्यांवर इमारतींच्या बाजूने भादरलेली झाडे पावसाळ्यात रस्त्यावर का आडवी होतात, ते मला तेव्हा उमगले.) घरावर आलेली लांब फांदी त्याने तोडली नाही, आखूड केली, तिच्या एक-तृतीयांश जाडीची तरी उपफांदी जिथे फुटली होती तिथवर. पुढचा कारभार त्या उपफांदीने पाहायचा.

हे सगळे परवानगी घेऊन केले, हे सांगायला हवे. महाराष्ट्राचा नागरी क्षेत्रातील झाडांचा कायदा १९७५ चा आहे आणि त्यात ‘झाड तोडणे’ या शब्दांत झाडाला कोणत्याही प्रकारे इजा करणेही येते. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वा अधिक वर्षांचे झाड ‘पुरातन वृक्ष’ ठरले. म्हणजे आमचा रायवळही. सूनबाई म्हणाल्या, ‘‘पुरातन आहे, पण सुरक्षित आहे का?’’

तोच प्रश्न मी त्या तरुणाला विचारला. त्याने हो म्हटले नाही. ढोलीभोवतीचे निरोगी लाकूड पुरेसे जाड आहे, भार कमी केला आहे, दरवर्षी आंबे उतरल्यावर पुन्हा बघावे लागेल, आणि कधीतरी ‘आता नको’ असे सांगायची वेळही येईल, असे तो म्हणाला. झोका त्या बाजूला बांधू नका, एवढे मात्र बजावले. निघताना मी त्याला खरे सांगून टाकले की, २००३ साली खाली उभा राहून ओरडणारा मी होतो.

‘‘सगळेच ओरडतात, काका,’’ तो दोर गुंडाळत म्हणाला.

झोका आता पडवीत आहे. नवीन कापांभोवती सालीची जाड गोल कड चढू लागली आहे. नात दर पाडव्याला तिच्यावर बोट फिरवून, मधला उघडा भाग किती उरला ते सुतळीने मोजते आणि ती सुतळी कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवून ठेवते. २००३ च्या कापांवर तिने हात ठेवला की, बोटे आत जातात.