वायू मोजणारी वीज

माकुणसारच्या उत्तरेला बोईसर-तारापूरची औद्योगिक वसाहत आहे. कारखान्यातील टाकी असो वा शहरातील गटार, मैला व सांडपाणी कुजते तेथे हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. हा वायू हवेपेक्षा जड असल्याने तळाशी साचतो. आरंभी सडक्या अंड्यासारखा वास येतो. प्रमाण फार वाढले की नाकच बधिर होते. वास गेला, धोका टळला, असे समजून कामगार खाली उतरतो आणि प्राणास मुकतो.

नाकावर विसंबू नये म्हणून विद्युत-रसायनशास्त्राने संवेदक दिला. त्यात वायू पडद्यातून झिरपतो, मौल्यवान धातूच्या उत्प्रेरकावर त्याचे ऑक्सिडीकरण होते आणि प्रत्येक रेणूमागे आठ इलेक्ट्रॉन सुटतात. वायू जितका अधिक, तितका विद्युतप्रवाह अधिक. बॅटरीतही रासायनिक क्रियेतूनच वीज मिळते. तेथे आपल्याला ऊर्जा हवी असते, येथे इशारा.

खिशात मावणारे हे उपकरण आहे. संरक्षक साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवणे 2013 च्या कायद्याने गुन्हा ठरवले. सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये मृताच्या कुटुंबाला 10 लाख रुपये देण्याचा आदेश दिला; 2023 मध्ये ती रक्कम 30 लाख केली. तरी मृत्यू थांबलेले नाहीत. गटारात कोणी उतरायचे हे जातीने ठरवले, म्हणूनच उतरणाऱ्याचा श्वास मोजण्याची निकड कोणाला वाटली नाही. संवेदकाची मागणी करताना माणसाऐवजी यंत्र उतरवण्याची मागणीही आपण सोडता कामा नये.