बरणीवरचं चित्र कुणाचं?

मंडळी, आपल्या माढा-पंढरपूर भागात चित्राविषयी बोलायचं तरी सुरुवात द्राक्षापासूनच होते. बेदाणा, द्राक्षाचा रस, डाळिंबाचं सरबत असा माल तयार होतो, बरणी भरते आणि मग लेबलाचा प्रश्न येतो. आपण काय करतो? मोबाइलवर ‘द्राक्षाचा घड’ शोधतो, बरं दिसेल ते चित्र उतरवून घेतो आणि डीटीपीवाल्याला पाठवून देतो. वाइनचा विषय निघतोच, म्हणून आधीच सांगून टाकू. परवान्याशिवाय ती घरी करणंच १९४९ च्या दारूबंदी कायद्यात बसत नाही, लेबल तर फार पुढची गोष्ट. परवान्याची बाटली असली तरी चित्राचे नियम मात्र हेच.

नेटवर सापडलं म्हणजे फुकट, हा समज पहिल्यांदा काढून टाकू या. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे चित्र काढलं की हक्क जन्माला येतो. नोंदणी लागत नाही, कोपऱ्यात खूणही लागत नाही. हा हक्क चित्रकाराच्या हयातभर आणि त्याच्या मृत्यूनंतरच्या जानेवारीपासून पुढं ६० वर्षं टिकतो. पूर्वी ही मुदत ५० वर्षांची होती. रवींद्रनाथ ठाकूर १९४१ साली गेले, त्यांच्या लेखनाचे हक्क १९९१ अखेर संपत आले आणि तेव्हा मुदत दहा वर्षांनी वाढली. एका कवीमुळं साऱ्या चित्रकारांचंही भलं झालं म्हणायचं!

आता हिशेब करून बघू. राजा रविवर्मा १९०६ साली गेले आणि धुरंधर १९४४ साली. दोघांचीही चित्रं आज मोकळी आहेत. पण दीनानाथ दलाल १९७१ साली गेले, म्हणजे त्यांचा हक्क २०३१ अखेरपर्यंत. जुन्या दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ कितीही पिवळं पडलेलं असो, ते उचलायचं नाही. एम. एफ. हुसेन तर आपल्या शेजारचे, जन्म पंढरपूरचा. ते २०११ साली गेले, म्हणजे २०७१ संपेपर्यंत थांबा. कागद किती जुना हे बघायचं नसतं, माणूस कधी गेला हे बघायचं.

इथं एक मेख आहे. घरात आजीच्या काळापासून टांगलेल्या तसबिरीखाली ‘रविवर्मा प्रेस’ छापलंय, म्हणून चित्र रविवर्म्यांचंच असं नव्हे. तो छापखाना त्यांच्यानंतरही कैक वर्षं चालला आणि इतरांची चित्रंही तिथं छापली गेली. सही नीट वाचा. चित्रकाराचं नावच नसेल आणि तो कोण हे कुठंच उघड झालेलं नसेल, तर मुदत चित्र प्रसिद्ध झाल्यापासून ६० वर्षांची.

बरं, कॉपीराइट संपला तरी सगळं सुटलं असं नाही. तेच चित्र एखाद्या कंपनीचा नोंदलेला ट्रेडमार्क असू शकतं आणि ट्रेडमार्क दर दहा वर्षांनी नूतनीकरण करत कितीही काळ चालतो. आणि आपल्याकडे हमखास होणारी गोष्ट म्हणजे लेबलावर छत्रपती शिवाजी महाराज. भावना चांगली असते, पण बोधचिन्हं आणि नावांच्या गैरवापराविरुद्धचा १९५० चा कायदा आहे. त्याच्या यादीत महाराजांचं नाव आणि चित्र आहे, गांधीजी आहेत, राष्ट्रध्वजही आहे. केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय ते धंद्यासाठी वापरता येत नाही. चित्र शंभर वर्षांपूर्वीचं असलं तरी नाही. देवीदेवतांचं चित्र घेताना आम्ही तर म्हणू, रिकामी बरणी शेवटी कुठं जाते तेवढं आठवा.

मग घ्यायचं कुठून? फुलाफळांची जुनी चित्रं भरपूर मोकळी आहेत. फ्रान्सचा रदूते हा नामांकित चित्रकार १८४० साली गेला. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयानं २०१७ पासून आपल्याकडच्या मोकळ्या चित्रांच्या प्रती कुणीही वापराव्यात अशा ठेवल्या आहेत, धंद्यालाही चालतात. दुसरीकडे ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’ दिसलं की लगेच हुरळून जायचं नाही. त्यात प्रकार आहेत. काहींत नाव द्यावं लागतं, काहींत विक्रीला मनाई असते, काहींत चित्र कापून-जोडून बदललेलं चालत नाही. विक्रीला मनाई असलेलं चित्र बेदाण्याच्या पाकिटावर आलं की परवानगी मोडली. धंद्यासाठी जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख दंड, असं कलम ६३ सांगतं.

आमच्या मते खरा सोपा मार्ग गावातच आहे. शाळेतले चित्रकलेचे सर, बोर्ड रंगवणारा पेंटर, कॉलेजातली पोरगी, यांच्याकडून घड काढून घ्या आणि पैसे द्या. फक्त तोंडी व्यवहार नको. हक्क लेखी, सहीनिशीच हस्तांतरित होतो. कागदावर मुदत लिहिली नाही तर कायदा पाच वर्षंच धरतो आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. उद्या माल दुबईला निघाला तर अडचण तिथंच येईल. म्हणून किती वर्षांसाठी, कुठं आणि कोणकोणत्या मालावर, एवढं लिहून दोघांनी सह्या करायच्या. मूळ चित्राचा फोटो त्याच कागदाला जोडून ठेवायचा.