ठिसूळ हाडांच्या जबड्यात दंतरोपण : शक्य, पण सबुरीने

कुरुळी : पुणे-नाशिक महामार्गावर मोशी ओलांडली की चाकणच्या आधी कुरुळी लागते. कारखान्यांच्या या पट्ट्यात दंतवैद्यांच्या पाट्यांवर ‘इम्प्लांट’ हा शब्द आता नवा राहिलेला नाही. पडलेल्या दाताच्या जागी जबड्याच्या हाडात टायटॅनियमचा स्क्रू बसवायचा आणि त्यावर कृत्रिम दात चढवायचा, हे निरोगी माणसासाठी नित्याचे झाले आहे. मात्र ज्यांची हाडेच जन्मतः ठिसूळ आहेत, त्यांच्या जबड्यात हा स्क्रू टिकेल काय? याचे उत्तर ‘होय’ असे आहे. पण ते अटींसह.

‘ऑस्टिओजेनेसिस इम्परफेक्टा’ हा आनुवंशिक आजार सुमारे पंधरा ते वीस हजार जन्मांमागे एका बालकात आढळतो. उतारवयातील हाडांच्या ठिसूळपणाहून तो वेगळा आहे. हाडांना चिवटपणा देणारे कोलॅजन नावाचे प्रथिन त्यात सदोष किंवा अपुरे तयार होते आणि किरकोळ धक्क्यानेही हाड मोडते. मुंबईत वाढलेले लेखक फिरदौस कांगा यांना हाच आजार आहे. ‘ट्राइंग टू ग्रो’ (१९९०) ही त्यांची कादंबरी आणि तिच्यावर बेतलेला चित्रपट यांमुळे त्याची ओळख अनेकांना झाली.

एनॅमलच्या खालचा दंतिनाचा थरही याच कोलॅजनवर उभा असतो. त्यामुळे काही रुग्णांचे दात निळसर किंवा तपकिरी दिसतात, एनॅमलचे टवके उडतात आणि दात हिरडीपर्यंत झिजतात. तरुण वयातच दात गमावण्याची वेळ येते ती यामुळे.

स्वीडनचे पेर-इंग्वार ब्रानेमार्क यांनी १९६५ मध्ये पहिल्या रुग्णावर टायटॅनियमचे दंतरोपण केले. त्याचे सारे यश हाड धातूला घट्ट बिलगण्यावर अवलंबून असते. ठिसूळ हाडांच्या रुग्णांतही ते बिलगते, असे आजवर प्रसिद्ध झालेल्या रुग्णनोंदी दर्शवितात. मात्र या नोंदी थोड्या आहेत. त्यावरून सर्वांना सरसकट हमी देता येत नाही. म्हणूनच स्क्रूवर दात चढविण्यापूर्वी हाड भरून येण्यास नेहमीपेक्षा अधिक अवधी देण्याकडे शल्यचिकित्सकांचा कल असतो.

दुसरी अडचण औषधाची आहे. हाडांची झीज रोखण्यासाठी या रुग्णांना लहानपणापासून पामिड्रोनेट, झोलेड्रोनेट यांसारखी बिस्फॉस्फोनेट औषधे सलाइनमधून दिली जातात. ही औषधे हाडात वर्षानुवर्षे साठून राहतात. दात काढल्यावर किंवा जबड्यावर शस्त्रक्रिया झाल्यावर जखम न भरता हाडाचा भाग निर्जीव होण्याचा धोका त्यांच्यामुळे संभवतो, हे २००३ पासून वैद्यकविश्वास ठाऊक आहे. कर्करोगासाठी मोठ्या मात्रा घेणाऱ्यांत हा धोका अधिक असतो. ठिसूळ हाडांच्या बालकांत असे प्रकार अत्यंत विरळ आहेत. तथापि धोका कमी असला, तरी औषधाची माहिती दंतवैद्यापासून दडून राहणे घातक ठरू शकते. शस्त्रक्रियेपूर्वी चार दिवस औषध बंद ठेवून हाडातला साठा संपत नाही. तो निर्णय रुग्णाने स्वतः घेऊ नये.

म्हणून क्रम महत्त्वाचा. शक्य तो मूळ दात कॅप बसवून वाचवावा. काढावेच लागणारे दात, जमल्यास, औषध सुरू होण्यापूर्वी काढावेत. जबड्याची वाढ पूर्ण होईपर्यंत दंतरोपण करू नये. हाडाची जाडी त्रिमितीय स्कॅनने आधी मोजावी. खुर्चीत मान व जबडा यांवर जोर पडणार नाही, याची दक्षता घ्यावी. दंतरोपण शक्य नसेल, तर काढता-घालता येणारी कवळी हाही सन्मान्य पर्याय आहे.

खर्चाचा प्रश्न उरतोच. केंद्र सरकारच्या २०२१ च्या दुर्मीळ आजार धोरणात या आजाराचा समावेश आहे. मात्र तेथे उल्लेख आहे तो बिस्फॉस्फोनेट उपचाराचा, दंतरोपणाचा नव्हे. मुंबईचे केईएम रुग्णालय हे या धोरणाखालील उत्कृष्टता केंद्रांपैकी एक आहे. कुरुळी परिसरातील रुग्णाला पिंपरीतील डॉ. डी. वाय. पाटील दंत महाविद्यालय जवळ पडते. मात्र कोणत्याही दारी जाताना औषधाचे नाव, मात्रा आणि शेवटच्या सलाइनची तारीख लिहिलेला कागद सोबत असावा. दाताला हात लावण्यापूर्वी दंतवैद्याने वाचायचा पहिला कागद तोच.