ऊराळुंगलची मजूर-संस्था

सहकार म्हटला कीं आमच्या वाचकांस पतपेढी, साखर-कारखाना, दूध-संघ हींच नांवें आठवतात. या संस्थांत सभासद पैसा, ऊस अगर दूध घालतो. परंतु ज्याच्यापाशीं दोन हातांखेरीज घालावयास कांहींच नाहीं, त्यानें काय करावें? मलबारांत वडकऱ्याजवळील ऊराळुंगल येथील मजुरांनीं १९२५ सालीं याचा मार्ग काढला.

त्या भागांत वाग्भटानंद (१८८५–१९३९) या नांवाचे संस्कृत पंडित होऊन गेले. जन्म सवर्णांनीं दूर ठेवलेल्या थिय्या ज्ञातींतला. अद्वैत खरें, तर जातिभेद खोटा, असें ते भर सभेंत प्रतिपादन करीत. तींच शास्त्रें घोकणाऱ्या आमच्या पाठशाळांतून हा निष्कर्ष क्वचितच निघाला, हें येथें नमूद केलेलें बरें. १९१७ सालीं त्यांनीं आत्मविद्या संघ स्थापिला. त्यांच्यामागें जाणाऱ्या मजुरांना जमीनदारांनीं काम देण्याचें नाकारलें. तेव्हां १४ जणांनीं परस्पर-साहाय्य संघ काढून कामाचे मक्ते स्वतःच घेण्यास आरंभ केला. कोणापुढें पदर पसरला नाहीं, ही गोष्ट आम्हांस विशेष वाटते.

पुढें रस्ते, पूल, इमारती अशीं कामें वाढत गेलीं. २०१६ सालीं तर कोळिकोड येथें संगणक-कंपन्यांसाठीं संस्थेचें मोठें संकुल सुरू झालें. २०२५ सालीं संस्थेस शंभर वर्षें पूर्ण झालीं. येथें मजूर हाच सभासद, आणि संचालक-मंडळ सभासदांतूनच निवडावयाचें. नफा मधल्यामध्यें नेणारा मक्तेदार नाहीं. दिवसाचें काम आटोपलें कीं संचालक एकत्र बसतात. कोठें माणसें कमी पडलीं, कोठें माल पोंचला नाहीं, याचा विचार त्याच दिवशीं होतो. पाणिनीनें कर्त्याचें लक्षण स्वातंत्र्य हें मानलें आहे. आम्हीं तें वर्षानुवर्षें फळ्यावर शिकविलें. हातांत थापी धरणाऱ्या माणसाच्या ठायीं तें लागू पडलेलें मात्र येथें दिसतें. एकत्र कुटुंबाचा कर्ता वयानें ठरतो, येथला मतानें ठरतो, एवढाच काय तो भेद.

मजूर सहकारी संस्था महाराष्ट्रांतही पुष्कळ आहेत. पण कांहींत मजूर यादीपुरता आणि कारभार ठेकेदाराच्या हातीं, अशी ओरड वारंवार ऐकूं येते.

ऊराळुंगलमध्येंही सर्व सुरळीत आहे असें नव्हे. कामें वाढलीं तसे परप्रांतांतून मजूर आले, आणि त्यांतील बहुतेक सभासद नाहींत. त्यांस मजुरी मिळते, निवडणुकींत मत मिळत नाहीं. आज आले, उद्यां गांवीं गेले, त्यांस सभासद करून घ्यावयाचें कसें, हा संस्थेपुढील पेंच खोटा नव्हे. तरीपण ज्यांच्या वाडवडिलांस एके काळीं कामावरून परत पाठविलें गेलें, त्यांनींच हा पेंच प्रथम सोडवावा, अशी आमची अपेक्षा आहे.