आंबोलीचा भेक

सावंतवाडीहून घाट चढून गेले असता आंबोलीचे जे पर्जन्यसमृद्ध अरण्य लागते, त्यातील जांभ्याच्या कातळावर, कुशीवर वाघासारखे पिवळे पट्टे असलेला एक चिमुकला भेक राहतो. स्वतंत्र जाती म्हणून त्याचे शास्त्रीय वर्णन २००९ साली प्रसिद्ध झाले. पावसाच्या पहिल्या सरींनी कातळाच्या खळग्यांत जे उथळ, अल्पजीवी पाणी साचते, त्यातच त्याची मादी अंडी घालते, आणि ते पाणी आटण्यापूर्वी पिलांचे रूपांतर पूर्ण झाले तरच वंश टिकतो. इतक्या मर्यादित मुलखात वसणाऱ्या या जीवास वाहनांची वर्दळ व पठारांची नासधूस घातक ठरते. उजाड भासणारा तो कातळ पडीक जमीन नसून त्याचे सूतिकागृह आहे. म्हणून पावसाळ्यात तेथे जाणाऱ्याने वाहन सावकाश हाकावे आणि खळग्यांत पाऊल टाकू नये.