जाळी बारीक झाली, म्हणून पाऊस नेमका कळतो का?

मे 2025 मध्ये पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने तयार केलेलं ‘भारत फोरकास्ट सिस्टम’ हे हवामान अंदाजाचं मॉडेल सुरू झालं. आधीचं मॉडेल देशाकडे 12 किलोमीटरच्या चौकटींच्या जाळीतून पाहायचं, हे 6 किलोमीटरच्या चौकटींतून पाहतं. त्यावरून सोलापूरकडच्या शेतकऱ्याला काय वाटेल, हे सांगायला ज्योतिषी नको.

‘सहा किलोमीटर म्हणजे आता आमच्या शिवाराचा अंदाज!’

नाही. एक चौकट 36 चौरस किलोमीटरची. आपल्याकडे तेवढ्यात दोन-तीन गावांची शिवारं बसतात आणि मॉडेल त्या सगळ्यांना मिळून एकच आकडा देतं. शिवाय ढगांचा समूह पाच-सात चौकटी व्यापणारा, म्हणजे 30-40 किलोमीटरचा असेल, तरच तो मॉडेलला नीट उभा करता येतो. कुंभारी गावाला झोडपून जवळच्या वळसंगला कोरडं ठेवणारा वळीव त्याहून फार लहान असतो.

‘डेटात 16 मिलीमीटर दिसतोय, मग ओढ्याला पूर आला कसा?’

इथे आकडेमोड करूनच बघावी. समजा, पावसाच्या डेटाची चौकट 25 किलोमीटरची आहे, म्हणजे 625 चौरस किलोमीटर. त्यातल्या फक्त 100 चौरस किलोमीटरवर 100 मिलीमीटर पाऊस कोसळला आणि बाकी भाग कोरडा राहिला, तर चौकटीची सरासरी येते बरोबर 16. पाण्याचा हिशेब कुठेही चुकलेला नाही, पण पूर गायब झाला! कारण 16 मिलीमीटर भेगाळलेली काळी जमीन पिऊन टाकते. 100 मिलीमीटर तिच्याही आवाक्याबाहेर जातात आणि ओढ्याला लागतात.

वेळेचंही तसंच. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी साडेआठ असा असतो. तोच पाऊस दिवसभर रिपरिपत पडला की तासाभरात ओतला, हे त्या एका आकड्यातून कळत नाही.

जाड जाळीला काहीच दिसत नाही, असंही नाही. ऑक्टोबर 2020 मध्ये बंगालच्या उपसागरातलं ‘डीप डिप्रेशन’, म्हणजे तीव्र कमी दाबाचं क्षेत्र, 13 तारखेला काकिनाड्याजवळ जमिनीवर आलं आणि तेलंगण ओलांडून दुसऱ्या दिवशी सोलापूर भागात पोहोचलं. शेकडो किलोमीटरची अशी प्रणाली जाड जाळीतही दिसते. कोणता ओढा फुगणार, हे मात्र त्या जाळीत दिसत नाही.

‘जाळी जितकी बारीक, तितकं उत्तर बरोबर.’

याची खरी परीक्षा किनाऱ्यावर होते. 3 जून 2020 ला ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला धडकलं. अशा वादळात सर्वांत जोराच्या वाऱ्याचा पट्टा काही दहा किलोमीटरचाच असतो. जगभर वापरला जाणारा ‘ईआरए-5’ हा हवामानाचा डेटा साधारण 31 किलोमीटरचा. त्यात वाऱ्याचं टोक बोथट होतं. पाण्याला ढकलणारा जोर वाऱ्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो, म्हणून वेग 20 टक्के कमी धरला की जोर 36 टक्क्यांनी घटतो आणि खाडीत चढणारं पाणी कागदावर कमी दिसतं. मग वारा बारीक मोजला की झालं? तेवढ्यानंही भागत नाही. खाडीच्या तळाचा नकाशा ढोबळ असेल, किंवा वादळाची वेळ काही तासांनी चुकून भरतीऐवजी ओहोटी धरली गेली, तर बारीक वाऱ्याचा फायदा तिथेच संपतो.

‘इथे ऊन आहे, मग चंद्रभागेला पूर कसला?’

हा समजही जुनाच. चंद्रभागा म्हणजे पंढरपूरची भीमा. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तीसेक किलोमीटरवरच्या वाईत सातशेच्या आसपास. जाड चौकट घाट आणि पर्जन्यछाया एकाच पोत्यात भरते आणि घाटाचा पाऊस कमी दाखवते. पंढरपूरला बसणारा फटकाही बहुतेकदा अशाच, पण भीमा आणि नीरेच्या उगमाकडच्या घाटमाथ्यावर ठरतो. सगळ्यांची नजर भीमेवरच्या उजनी धरणाच्या दरवाजांवर असते, पण भोरकडून येणारी नीरा भीमेला मिळते ती उजनीच्या खाली, नीरा नरसिंहपूरला. त्यामुळे उजनीतून थेंबही न सोडता पंढरपूरचे घाट पाण्याखाली जाऊ शकतात.