परदेशातून घरी परतताना

‘दोनच वर्षे, घर बांधून झाले की परत येईन,’ असे सांगून आपल्या वसई धर्मप्रांतातील अनेक तरुण आखाती देशांत नोकरीसाठी गेले. त्यांतील कित्येकांची दोनाची वीस वर्षे कधी झाली, हे त्यांनाही उमगले नाही. करार संपतो, सामान बांधले जाते, विमानतळावर आनंदाश्रू वाहतात. परंतु खरे परतणे त्यानंतर सुरू होते. त्याविषयी आम्ही येथे काही विचार मांडू इच्छितो.

पवित्र शास्त्रातील याकोबाची कथा अशीच आहे. आईने त्याला थोड्या दिवसांसाठी म्हणून हारान येथे मामाकडे धाडले होते. तेथे त्याने लाबानाची २० वर्षे चाकरी केली. १४ वर्षे त्याच्या मुलींसाठी आणि ६ वर्षे कळपांसाठी. त्याची मजुरी वारंवार बदलण्यात आली. तो परतला तेव्हा त्याच्यापाशी कुटुंब होते, संपत्ती होती. मात्र मनात भावाची भीती होती. आईची व त्याची पुन्हा भेट झाल्याचा उल्लेख शास्त्रात कोठेही नाही. परदेशात असताना आईवडिलांच्या अंत्यविधीला पोहोचू न शकलेल्या आपल्या बांधवांना हे दुःख समजावून सांगण्याची गरज नाही.

एसाव ४०० माणसांसह सामोरा आला. याकोबाने पुढे पाठविलेल्या भेटी त्याने प्रथम नाकारल्या. याकोब मात्र सात वेळा भूमीपर्यंत लवला आणि एसावाने धावत येऊन त्याला मिठी मारली. परतणाऱ्याने आधी लवावे, हा त्यातील बोध आम्हांस मोलाचा वाटतो. परदेशातून पैसे पाठविणाऱ्याने घर उभारले हे खरे; परंतु आजारी वडिलांच्या उशाशी रात्री जागविणाऱ्या भावानेही तेच घर उभे ठेवले. वाडीच्या वाटणीची बोलणी करण्यापूर्वी त्याचे आभार मानले, तर कित्येक भांडणे टळतील. इतकी वर्षे एकटीने संसार सांभाळलेल्या पत्नीच्या हातून सर्व निर्णय एकाएकी काढून घेऊ नयेत. मुलांना भेटवस्तूंची सवय झालेली असते. आता त्यांना वडिलांची सवय व्हायला अवधी द्यावा.

काही व्यावहारिक गोष्टीही ध्यानात ठेवाव्यात. तिकडे मुलांचा स्नानसंस्कार, प्रथम ख्रिस्तशरीर वा दृढीकरण झाले असल्यास तेथील चर्चचे दाखले निघण्यापूर्वीच घ्यावेत. दृढीकरणाची व विवाहाची नोंद स्नानसंस्काराच्या मूळ नोंदवहीत होणे आवश्यक असते. अविवाहितांनी तेथील धर्मग्रामातून विवाहासाठी मुक्त असल्याचा दाखलाही आणावा. कायमचे परतल्यावर बँकेला कळवून अनिवासी खाते निवासी खात्यात बदलून घ्यावे; परकीय चलनविषयक नियमांनुसार ते बंधनकारक आहे.

धर्मग्रामांचेही कर्तव्य आहे. आखातातील अनेक देशांत आठवड्याची सुटी शुक्रवारी असल्याने वर्षानुवर्षे शुक्रवारच्या मिस्सेला जाणारे, तेथे गायनवृंदात गाणारे, मुलांना धर्मशिक्षण देणारे हे बांधव रविवारी आपल्या चर्चमध्ये मागच्या बाकावर अनोळखी होऊन बसतात. ‘किती साठवून आणलेत?’ असे विचारण्यापेक्षा ‘आमच्यासोबत याल का?’ असे आपण विचारू या.

याकोबाला वाटेत सांभाळणारा परमेश्वर परतणाऱ्या प्रत्येक बांधवाला आणि त्याची वाट पाहणाऱ्या घराला शांती देवो, ही प्रार्थना.